थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून येणारा पटपट आवाज: दोष कुठे शोधावा

गोरेगावहून विक्रोळीला रोज कामावर जाणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची २०१५ सालची, १५० सीसीची, कार्ब्युरेटरची मोटारसायकल आहे. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर उतार लागला आणि त्यांनी गिअरमध्येच थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून पट-पट असा आवाज येतो, मधूनच एखादा मोठा फटाकाही फुटतो आणि थ्रॉटल दिला की सगळे शांत होते. पावसाळ्यात सायलेन्सर सडला म्हणून त्यांनी तो बदलून घेतला आणि त्रास त्यानंतर सुरू झाला. एका मेकॅनिकने प्लग बदलला, दुसऱ्याने कार्ब्युरेटर दोनदा साफ केला आणि तिसरा आता सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदला असे सांगतो आहे. सीडीआय घ्यावा का आणि या आवाजाने इंजिनाचे नुकसान होते का, असे ते विचारतात.

सीडीआय तूर्त विकत घेऊ नका. मी भांडुपला अठ्ठावीस वर्षे दुचाकींचे काम करतो आहे आणि आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य मला ‘सायलेन्सर बदलल्यानंतर सुरू झाले’ हे वाटते. कोणताही बिघाड सुरू होण्याच्या आधी गाडीवर शेवटचे काम कोणते झाले, हे विचारायला काही खर्च येत नाही. तरीही तिघांपैकी कोणी ते विचारलेले दिसत नाही.

प्रथम आवाज कोठून येतो ते समजून घेऊ. आपल्याकडे या सगळ्या प्रकाराला सरसकट ‘बॅकफायर’ म्हणतात. खरा बॅकफायर म्हणजे आग उलट दिशेने, कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर येणे. त्याची कारणे निराळी असतात: इनटेक (मिश्रण आत घेणारा) व्हॉल्व्ह नीट न बसणे, कॅम चेन एक दात सरकणे, स्पार्क वेळेआधी पडणे. आपल्या गाडीत जळण होते आहे ते इंजिनाच्या बाहेर, बेंड पाइपमध्ये (इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीत) किंवा सायलेन्सरच्या पोटात. थ्रॉटल एकदम बंद होतो, पण चाके इंजिनाला फिरवतच राहतात. त्यामुळे इनटेकच्या बाजूला जोरदार व्हॅक्यूम तयार होतो, सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण फारच थोडे येते आणि त्यात आधीच्या फेरीचा जळका धूर मिसळलेला असतो. असे पातळ झालेले मिश्रण प्लगने ठिणगी टाकूनही काही फेऱ्यांत पेटत नाही आणि कच्चे पेट्रोल तसेच एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या वाटेत, ढकलले जाते. पाइप तापलेला असतोच. आता तेथे जोडीला हवा मिळाली की भडका उडतो, आणि तोच आपल्याला ऐकू येणारा ‘पट’.

म्हणजे पेट्रोल, उष्णता आणि हवा या तिन्ही गोष्टी एका जागी याव्या लागतात. पहिल्या दोन प्रत्येक चालू गाडीत थोड्याफार असतातच, म्हणून मी नेहमी तिसरीच्या मागे लागतो: ही हवा कुठून आत शिरते आहे? एवढा एक प्रश्न धरून ठेवला तर निम्मे सुटे भाग विनाकारण बदलण्याचे टळते.

आपल्या गाडीत माझा पहिला संशय बेंड पाइप जेथे सिलिंडर हेडला मिळतो त्या सांध्यावर आहे. त्या सांध्यात तांब्याची किंवा ॲस्बेस्टॉससारख्या भरणाची पत्र्यात मढवलेली एक रिंग असते. दोन नट आवळले की ती दबते आणि एकदा दबली की तिचा जीव संपतो. सायलेन्सर काढला की रिंग नवीन घालायचीच. ती फार किरकोळ किमतीची वस्तू आहे आणि बहुधा म्हणूनच कोणी बदलत नाही. उलट प्रकारही मी पाहिला आहे. एक गाडी माझ्याकडे आली ती चार वेळा कार्ब्युरेटर उघडून झाल्यावर. मालकाने सांगितले की रिंग नवीनच आहे. बेंड पाइप उतरवला तर पोर्टच्या (हेडमधल्या धूर बाहेर येण्याच्या तोंडाच्या) खाचेत जुनी रिंग काजळीने इतकी चिकटून बसलेली होती की ती ॲल्युमिनियमचाच भाग वाटावी, आणि तिच्यावर नवीन रिंग ठेवून नट आवळलेले होते. दोन रिंगांमुळे फ्लँज (पाइप हेडला दाबून धरणारी चकती) तिरका बसला होता आणि खालच्या बाजूने नखाएवढी फट राहिली होती. जुनी रिंग स्क्रू-ड्रायव्हरने हळूहळू उचकटून काढली, एकच नवीन बसवली आणि पटपट थांबली. त्या गाडीच्या कार्ब्युरेटरला मी हातही लावला नाही.

आता कोणी म्हणेल की सायलेन्सरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो, मग फटीतून धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल? हा प्रश्न रास्त आहे. एक्झॉस्टमधला धूर सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने जातो. एक धक्का पुढे निघून गेला की त्याच्या पाठीमागे क्षणभर दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्या क्षणी फटीतून हवा आत ओढली जाते. थ्रॉटल बंद असताना धूर थोडा असल्याने हे ओढणे अधिक जाणवते. फट पोर्टच्या जितकी जवळ, तितका त्रास जास्त, कारण तेथे उष्णता सर्वाधिक असते. सायलेन्सरच्या शेपटाकडे खालून पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेले बारीक भोक असते, त्याने काही बिघडत नाही. ते बुजवू नका. मुंबईच्या पावसाळ्यात ते बुजले तर सायलेन्सर आतून सडतो.

तपासणी घरच्या घरी होते. गाडी रात्रभर उभी राहिलेली, पूर्ण थंड असावी आणि जागा मोकळी असावी. बंद पार्किंगमध्ये हे करू नये, कारण या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. भांड्यात साबणाचे दाट पाणी करून ब्रशने ते बेंड पाइपच्या सांध्याभोवती, सायलेन्सरच्या क्लॅम्पवर आणि वेल्डिंगच्या रेषांवर लावा. गाडी सुरू करा आणि दुसऱ्या कोणालातरी जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड दोन-तीन सेकंद अर्धवट दाबायला सांगा. फट असेल तेथे बुडबुडे फुगतात, बहुतेक वेळा फुसफुस असा आवाजही येतो. पाइप तापायच्या आत, म्हणजे पहिल्या मिनिटाभरातच हे उरकावे लागते. साबण लावण्याआधी बॅटरीच्या उजेडात हेडच्या पंख्यांकडेही (इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांकडे) एकदा निरखून पाहा: सांध्याच्या एका बाजूला पिसासारखा पसरलेला काळा डाग दिसला तर बुडबुड्यांची वाट पाहण्याची गरजच नाही.

समुद्रकाठच्या खाऱ्या हवेमुळे आपल्याकडे त्या फ्लँजचे स्टड (ज्यांवर नट बसतात ते आटे असलेले दांडे) गंजून धरतात. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री सोडून ठेवावे आणि सकाळी नट थोडा पुढे, थोडा मागे असे करत काढावेत. घाईने झटका दिला की स्टड हेडमध्येच तुटतो, आणि मग पन्नास रुपयांचे काम ड्रिल आणि टॅपवर जाते. सांध्यावर बाहेरून लांबी (पुट्टी) लावून वेळ मारून नेणारेही आहेत. ती दोन दिवसांत भाजून तडकते.

सांधा पक्का निघाला तर पुढचे पाहायचे ते सेकंडरी एअरचे, म्हणजे एक्झॉस्टमध्ये मुद्दाम सोडलेल्या जादा हवेचे. साधारण २०१० नंतरच्या आपल्याकडील अनेक गाड्यांत एअर फिल्टरच्या डब्यापासून हेडच्या एक्झॉस्ट पोर्टपर्यंत एक नळी गेलेली असते. तिच्यात एक पाकळीचा झडप-व्हॉल्व्ह असतो आणि प्रदूषण कमी व्हावे म्हणून तो मुद्दामच पोर्टमध्ये ताजी हवा सोडतो, जेणेकरून उरलेसुरले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड पाइपमध्ये जळून जावे. म्हणजे आपण जिला शत्रू मानून शोधतो आहोत ती हवा कंपनीनेच आत सोडलेली असते. फरक इतकाच की अनेक रचनांत थ्रॉटल सोडताच वाढलेल्या व्हॅक्यूमने हा मार्ग तात्पुरता बंद व्हावा, अशी सोय असते. व्हॅक्यूमची बारीक नळी निसटली, चिरली किंवा आतला पडदा फाटला की हवा नको त्या वेळी चालू राहते आणि फटाके सुरू होतात. तपासायला जाड नळी चिमट्याने दाबून बंद करा आणि त्याच उतारावर एक फेरी मारून या. आवाज गेला तर दोष येथेच आहे. मग व्हॉल्व्ह किंवा नळी बदलावी. ती नळी कायमची बुजवून टाकण्याचा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. मी तसे करत नाही, कारण मग दोष झाकला जातो आणि धूर मात्र बिघडतो.

आतापर्यंत आपण एक्झॉस्टच्या बाजूने शिरणारी हवा पाहिली. इनटेकच्या बाजूने जास्तीची हवा शिरली तर मिश्रण लीन होते (हवा जास्त, पेट्रोल कमी; याच्या उलट ते रिच), मिसिंग, म्हणजे मिश्रण न पेटणाऱ्या फेऱ्या, वाढते आणि जास्त कच्चे पेट्रोल पाइपमध्ये जाते. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्या मधले रबर दहा वर्षांच्या गाडीत वरून ठीक दिसते, पण बोटांनी वाकवले की खालच्या बाजूला बारीक चिरा उघडतात. गाडी आयडलवर (थ्रॉटल न देता संथ चालू) ठेवून त्या रबरावर फवारणीच्या बाटलीने साधे पाणी मारा. आयडल बदलला तर चीर आहे. यासाठी पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर मारणारे पुष्कळ जण आहेत. गरम इंजिनावर तो धोका मी पत्करत नाही, पाण्याने काम होते.

लीन मिश्रणाची आणखी एक खूण अशी की रेस देऊन सोडल्यावर इंजिनाचे फेरे लगेच खाली येत नाहीत, काही क्षण वरच लटकून राहतात. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे चोक. इंजिन गरम असताना मोकळ्या रस्त्यावर चोक किंचित ओढून तोच उतार उतरा. पटपट कमी झाली तर मिश्रण लीन आहे. काही फरक पडला नाही किंवा ती वाढली तर दुसरीकडे पाहावे.

कार्ब्युरेटर लीन कसा होतो? स्लो जेट, म्हणजे थ्रॉटल बंद असताना पेट्रोल पुरवणारे बारीक भोक, कचऱ्याने अर्धवट बुजतो, हे एक. पण माझ्या अनुभवात मोठे कारण माणसाचेच असते. गिऱ्हाईक म्हणते, ‘जरा ॲव्हरेज वाढवून द्या’, आणि मेकॅनिक स्क्रू फिरवून देतो. लिटरमागे दोन-तीन किलोमीटर वाढल्यासारखे वाटतात आणि महिन्याभरात गाडी फटाके फोडत परत येते. त्यात आता पेट्रोलचीही भर पडली आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पटच. पंपावर आज २० टक्के इथेनॉलचे मिश्रण मिळते आणि त्याला साधारण साडेतेरा पट हवा पुरते. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे हे बऱ्याच अंशी सावरून घेते. कार्ब्युरेटरच्या जेटला ते कळण्याचा मार्ग नाही. २०१५ साली नीट बसवलेली गाडी जेटला हात न लावताही आज थोडी लीन चालते. आधीच कडेवर असलेल्या गाडीला तेवढे पुरते.

स्क्रू फिरवण्याआधी तो कोणता आहे ते ओळखा, कारण येथे निम्मे लोक उलटे करतात. स्क्रू कार्ब्युरेटरच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा. बाहेर काढला की मिश्रण रिच होते. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा. बाहेर काढला की लीन होते. आधी तो किती फेरे उघडा आहे ते आत फिरवत मोजा आणि लिहून ठेवा. टेकल्यावर जोर देऊ नका, टोक बसकते. मग इंजिन गरम करून आयडल सर्वांत स्थिर आणि वर असेल ती जागा शोधा आणि तेथून पाव फेरा रिचकडे द्या. मिश्रणाचा स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे न्यावा लागत असेल तर त्याचे काम संपले असे समजा; स्लो जेट एक नंबर मोठा, म्हणजे उदाहरणार्थ १५ च्या जागी १७.५, लावून पाहावा. पीयूसीच्या यंत्रावरील कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही येथे उपयोगी पडतो. आपल्या गाडीच्या काळातल्या दुचाकींना ३.५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, आकडा ०.२ च्या आसपास असेल तर पास झाल्याचा आनंद मानण्याआधी गाडी लीन नाही ना ते पाहा. मात्र सेकंडरी एअरची नळी चालू असताना हा आकडा फसवा असतो, कारण धुरात बाहेरची हवा मिसळलेली असते.

ज्यात स्लाइड व्हॅक्यूमने उचलली जाते अशा कार्ब्युरेटरला बहुधा बाजूला दोन स्क्रूंचे एक छोटे झाकण असते. त्याखाली रुपयाच्या नाण्याएवढा रबरी पडदा आणि स्प्रिंग असते. थ्रॉटल सोडल्यावर व्हॅक्यूमने हा पडदा ओढला जातो, स्लो जेटकडे जाणारी हवेची एक वाट बंद होते आणि मिश्रण तेवढ्यापुरते रिच होते. पटपट होऊ नये म्हणूनच केलेली ही योजना आहे, आणि कार्ब्युरेटर ‘साफ’ करणारे बहुतेक जण ते झाकण उघडतही नाहीत. उघडलेच तर खाली कापड अंथरा, स्प्रिंग उडते. पडदा दिव्यासमोर धरून हलकेच ताणा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही उजेड दिसतो. आपला कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला आहे, म्हणून दुसरा संशय मी येथे ठेवीन: पडदा साफ करायच्या फवाऱ्याने फुगला असेल किंवा बसवताना कडेला चेपला गेला असेल.

टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातल्या फटीचे, थोडक्यात सांगतो. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट झाला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळते मिश्रण पाइपमध्ये निसटते. मोजमाप थंड इंजिनावरच, फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) घ्यावे. या वर्गातील अनेक गाड्यांत ते ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. टॅपेट वाजत नाही म्हणून ठीक आहे, असे समजू नये. घट्ट टॅपेट वाजत नाहीच.

आता सीडीआयविषयी. इग्निशनच्या दोषाचा आवाज वेगळा असतो. तो थ्रॉटल सोडण्याची वाट पाहत नाही. चालत्या गाडीत झटका बसतो, एक-दोन सेकंद गाडी मेल्यासारखी होते आणि ठिणगी परत आली की साचलेल्या पेट्रोलचा एकच मोठा धमाका होतो. खड्ड्यात गेल्यावर किंवा हँडल वळवल्यावर असे होत असेल तर किल स्विच, चावीचा स्विच आणि प्लगची टोपी यांच्या वायरी पाहाव्यात. आपल्या वर्णनात थ्रॉटल दिल्यावर गाडी स्वच्छ चालते, म्हणजे भाराखाली ठिणगी पुरेशी आहे. मिश्रण फार रिच असतानाही आवाज येतो, पण तो जाड, भदभद असा असतो, प्लग काजळीने काळा होतो आणि धुराला पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी चोक अडकला आहे का, फ्लोटची (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची) पातळी चढली आहे का आणि फिल्टर तुंबला आहे का, हे पाहावे.

इंजेक्शनच्या, म्हणजे मुख्यतः एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या असलेल्यांसाठी एवढेच की तेथे थ्रॉटल सोडताच संगणक इंजेक्टर बंद करतो आणि फेरे खाली आले की पुन्हा चालू करतो. त्या बंद-चालूच्या क्षणी एखादा हलका ‘पट’ येणे हा दोष नव्हे. पण सतत आवाज येत असेल तर तेथेही आधी बेंड पाइपचा सांधा पाहावा, कारण फटीतून शिरलेली हवा ऑक्सिजन सेन्सरला फसवते. सेन्सर ‘लीन आहे’ असे कळवतो, संगणक पेट्रोल वाढवतो आणि फटाके आणखी वाढतात.

नुकसानीबाबत आपण विचारले आहे. अधूनमधून येणाऱ्या हलक्या पटपटीने इंजिनाचे काही बिघडत नाही. मोठे धमाके मात्र सायलेन्सरच्या आतल्या पडद्या फाडतात आणि ज्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरमधली धूर स्वच्छ करणारी जाळी) आहे तेथे त्याची जाळी वितळवतात. तो बदलण्याचा खर्च ऐकून माणूस खालीच बसतो. काही मुले पुलावर चावी बंद-चालू करून मुद्दाम हे धमाके काढतात. पोलिसांनी पकडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपला नवा सायलेन्सर कंपनीचा आहे की बाहेरचा, हे आपण लिहिलेले नाही. बाहेरचा, मोकळा वाहणारा असेल तर पडद्या कमी असल्यामुळे पूर्वीही होत असलेला बारीक आवाज आता फक्त मोठ्याने ऐकू येत असण्याची शक्यता आहे, आणि त्याचा बेंड पाइप आपल्या पोर्टच्या खाचेत नीट बसतो का हेही पाहावे लागेल.

म्हणून या रविवारी सकाळी थंड गाडीवर साबणाचे पाणी लावा. फट सापडली तर नवीन रिंग घेऊन या, खाचेत बोट फिरवून जुनी शिल्लक नाही ना ते पाहा, आणि सायलेन्सरचा मागचा बोल्ट सैल ठेवून आधी पुढचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, मग मागचा. उलट क्रमाने केले तर पाइप ताणलेला राहतो आणि रिंग एकाच बाजूने दबते. पवईपर्यंत एक फेरी मारून या, गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि ते दोन नट पुन्हा एकदा पान्ह्याने पाहा. पहिल्या तापण्यात रिंग बसते आणि नट बहुधा अर्धा फेरा तरी घेतातच.